निळ्या झंपराची डावी बाजू

माय,

यंदाच्या उन्हाळ्यात बायकांना सगळं सैल पाहिजे आहे. खांद्यावरून ओघळणारे कुडते, ढगळ झगे, आणि रंग असे की दहा वेळा धुऊन वाळत घातल्यासारखे. गेल्या हिवाळ्यात याच बायका माझ्या दुकानात येऊन श्वाससुद्धा घेता येणार नाही इतके घट्ट ब्लाऊज मागत होत्या. दर हंगामाला मी नवे कपडे काढते, आणि पुण्यातल्या बऱ्या घरच्या बायका मला डिझायनर म्हणतात. तुला हे सांगितलं असतं तर तू दातांनी दोरा तोडत म्हणाली असतीस, "म्हंजी शिंपीणच की." काल माझ्याकडं कामाला असलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, आतलं जास्तीचं कापड कापून टाकू? बाहेरून जाड दिसतंय." मी नको म्हणाले, पण गरजेपेक्षा जोरात म्हणाले. पोरगी घाबरली. तिला कारण सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

मोठ्या दुष्काळाचं वर्ष. मी सोळा वर्षांची. कळंबच्या पलीकडं आपलं गाव, गावाच्या कडेला आपली वस्ती, दारात शिलाई मशीन. बाप मी लहान असतानाच गेलेला, त्यामुळं घरात आपण दोघीच. सकाळी तू तलावाच्या कामावर खडी फोडायला जातेस आणि दुपार कलली की येऊन मशीनवर बसतेस. त्या वर्षी नवं शिवायला कुणी येत नव्हतं. बाया यायच्या आणि म्हणायच्या, "झंपर ढिला झालाय, जरा आवळून दे." तू दोन बोटं घालून माप घ्यायचीस, जुन्या शिवणीच्या आतून दुसरी शिवण मारायचीस आणि जादा कापड तसंच आत दुमडून ठेवायचीस. "पाऊस पडंल, अंग भरंल, तवा उसवून देऊ," असं प्रत्येकीला सांगायचीस.

मला ती पद्धत अडाणी वाटायची. आमच्या शाळेत कळंबहून एसटीनं येणाऱ्या नव्या बाई होत्या. नायलॉनची साडी, कोपरापर्यंत बसलेल्या बाह्या, पाठीवर एक सुरकुती नाही. त्या फळ्याकडं वळल्या की मी त्यांच्या ब्लाऊजची पाठ बघायची. गणित राहिलं तिकडंच. घरी येऊन मी तुला शिकवायची, "माय, आता अंगाबरोबर शिवायची फॅशन हाय." तू मशीन न थांबवता म्हणालीस, "ह्या बायांचं अंग कुठं राहिलंय? कशाबरोबर शिवू?"

मग शेजारच्या मावशीचा तो हिरवा झंपर आला. तिला माहेरी जायचं होतं आणि तू कामावर होतीस. मी दोन्ही बाजूंनी शिवण मारली आणि आतलं सगळं जादा कापड कात्रीनं साफ कापून काढलं. काय सुंदर बसला होता तो. मावशी आरशात वळूनवळून बघत होती आणि मी फुगले होते. तू आलीस, मशीनखाली पडलेल्या हिरव्या पट्ट्या उचलल्यास आणि मांडीवर सरळ करत बसलीस. मला वाटलं, आता मार बसणार. तू एवढंच म्हणालीस, "तिला हा एकच हाय. आता पाऊस पडला तरी ती ह्या झंपरात दुष्काळातलीच राहील."

पुढच्या साली पाऊस झाला. बाया उसवायला येऊ लागल्या. मावशीही आली, तिच्या झंपराची हुकं जुळत नव्हती. तू माझं नाव घेतलं नाहीस. पेटीतून तुझा निळा झंपर काढलास. जयंतीला पांढऱ्या लुगड्यावर घालायचीस तो, तुझ्याकडचा तेवढाच धड कपडा. तो उलटा केलास, त्याच्या उजव्या बाजूचं आतलं कापड कापलंस आणि मावशीच्या दोन्ही बगलांत त्याचे तुकडे घातलेस. हात वर केला की हिरव्यातून निळं दिसायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि महिन्याभरानं वस्तीतल्या दोन पोरी तुझ्यापुढं उभ्या, "आमाला बी तसलं बगलंत निळं घालून दे की." तू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. तुला तसं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

आज माझ्या प्रत्येक कपड्याच्या बगलेत वेगळ्या रंगाचा तुकडा असतो. त्यावरूनच तो माझा म्हणून ओळखतात. कसं सुचलं, असं विचारलं की मी म्हणते, असंच सुचलं. लाज वाटते माय, पण मी तुझं नाव सांगत नाही.

सगळ्यांचे झंपर उसवून झाले तेव्हा मी म्हणाले होते, तुझाही डाव्या बाजूनं तरी उसवू. तू म्हणालीस, "मला हाच बसतोय." आणि तो खरंच बसत होता. त्यानंतर दोन पावसाळ्यांत तू गेलीस. कळंबच्या डॉक्टरांनी सांगितलं की खोकला निमित्त, अंगात काही राहिलंच नव्हतं. तो झंपर माझ्याकडं आहे. आता पुढ्यात उलटा करून ठेवलाय. उजवी बाजू कापलेली, डाव्या बाजूला एकाच्या आत एक चार शिवणी. एक पांढऱ्या दोऱ्याची, एक काळ्या, दोन तांबड्या. मशीनवर त्या दिवशी जो दोरा असेल तो. वस्तीतल्या इतर बायांना एक शिवण लागली होती, फार तर दोन.

हे पत्र मी घडी करून या झंपरातच ठेवणार आहे. त्याआधी एक लिहायचं राहिलंय. त्या वर्षी अख्ख्या वस्तीत एकच झंपर आवळावा लागला नव्हता, तो माझा. दुष्काळी कामावर मजुरांना खायला मिळायची ती सुकडी तू पदराला बांधून आणायचीस आणि "म्या तिकडंच खाऊन आले," म्हणायचीस. तुझी तिसरी शिवण मी मारली होती. दोन बोटं घातली तर तिथं आता चार मावत होती. मी हसून विचारलं, "माय, आता तू बी फॅशन करायलीस व्हय?" तू "व्हय" म्हणालीस आणि पदराची गाठ सोडून माझ्यापुढं धरलीस. शिंपिणीची पोर होते मी, मला माप कळत होतं. मला भूक लागली होती आणि मी सगळी सुकडी खाल्ली.