करंज्यांच्या डब्यातला कापूस

देवमन, तुझ्या बायकोले अक्कल हाय का? करंज्या फुटू नये म्हणून डब्यात कापूस कोंबला, अन् एकेका करंजीले मिशा फुटल्या. अर्ध्या फेकाव्या लागल्या.

तुमा दोघांले मायचा आशीर्वाद. अमरावतीत मी बरी हाय, हे पत्र शेजारच्या पोराकडून लिहून घेतलं. तुझी बहीण ललिता वसुबारसले मोकळी झाली. पोरगी हाय. दोन महिने आधीच आली म्हणून वितीएवढी हाय, पण घाबरू नका. डॉक्टरीणबाई म्हणाली, कापसात गुंडाळून ऊब द्या. घरात वातीपुरताच कापूस होता, तेवढ्यात तुमचा डबा पोचला. तळचा कोरडा कापूस काढून पोरीले त्यातच ठेवलं. कौशल्येले सांग, तिच्या येडेपणानं काम केलं. आणखी पिंजून पाठव म्हणा, करंज्या नको.

दूध वातीनं पाजून राहिली मी. सकाळी गिळलं, दुपारी नाई. गावात साखर वाटू नका अजून.

गाय व्याली का? नातवंडांले फटाक्यापासून दूर ठेव, सांगायले आजी तिथं नाई.

उत्तर कौशल्येनंच लिहावं, तू नाई. तू सरळ विचारशील पोरगी कशी हाय म्हणून, अन् इथं आलेलं पत्र मले ललिताच वाचून दाखवते.