रुमालाखालचा सौदा

४ जून, सकाळ
आष्टी सोडून नवीन जालन्यात मुलाच्या, भागवतच्या फ्लॅटवर राहायला आलो त्याला पंधरवडा झाला. निरीक्षण पूर्ण. नातू अंगद सात वर्षांचा आहे आणि बोलत न्हाई. डॉक्टर म्हणतात ऑटिझम. भागवत म्हणतो, बाबा, तो स्वमग्न आहे. मी म्हणतो, पोरगं बोलतं, आपल्याला कळू देत न्हाई. जन्म बैलबाजारात दलाली करण्यात गेला. नजर चुकवणारा काहीतरी झाकून असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

संकल्प: पोळ्याच्या आत अंगदच्या तोंडून "आबा" अशी हाक. घरात कुणाला सांगायचं न्हाई.

६ जून
नाहिद मॅडम येऊन गेल्या. आठवड्यातून तीनदा अंगदला शिकवायला येतात. बोलणं इतकं हळू की बाहेरच्या खोलीत काही ऐकू येत न्हाई. मुद्दामच. शेवटी चष्मा शोधायच्या निमित्तानं आत गेलो.

शिकवणं म्हणजे काय, तर पलंगाशेजारी पोराच्या हाताला येईल असा बोर्ड लावलाय. त्यावर चित्रांची कार्डं, बुटाला असते तसल्या चिकटपट्टीनं चिकटवलेली. ओढलं की चर्र वाजतं. ग्लासाचं कार्ड दिलं की पाणी, झोक्याचं दिलं की झोका. एकावर नुसता हात काढलाय, ते म्हणे "मदत". मदत मागायला चित्र? गरजवंत तोंडानं मागतो.

संशय पक्का. न बोलता पाणी मिळालं तर पोरगं बोलंल कशाला? आणि पोरगं बोललं तर मॅडमला बोलवील कोण?

८ जून, दुपार
भागवत ऑफिसात, सूनबाई तृप्ती बाजारात. माझा पहिला क्लास. ग्लास वर धरला. म्हणालो, तोंडानं माग, मंग देतो. पुन्हा म्हणालो. आवाज आपला बाजारातला. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला आले, कुणी भांडून राह्यलं का, शब्द न् शब्द खाली ऐकू येतोय. त्यांना परत पाठवलं. हात भरून आला तरी ग्लास खाली घेतला न्हाई. अंगद उठला, बाथरूममध्ये गेला आणि बादलीतलं पाणी मगानं पिऊन आला.

पद्धत बराबर आहे. बादली झाकायची राहिली, एवढंच.

१० जून
बादली झाकली. ग्लासाचं कार्ड गादीखाली दडवलं. अंगदनं बोर्डावरच्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. परत फिरवला. मंग भिंतीवर डोकं आपटायला लागला. मीच धावलो. मध्ये हात घातला, कार्ड काढून दिलं, पाणी पाजलं. तेवढ्यात तृप्ती दारात. म्हणालो, पंख्याच्या वाऱ्यानं कार्ड उडून गेल्तं. ती म्हणाली, पंखा तर बंद आहे. ही पंख्यावरसुद्धा लक्ष ठेवून असते.

जेवण गेलं न्हाई. वांगी कडू होती बहुतेक.

२ जुलै
लाइट गेल्ती. सोफ्यावर बसलो, मांडीवर रुमाल. अंगद शेजारी येऊन बसला, तोंड खिडकीकडं. हळूच त्याचा हात रुमालाखाली आला आणि त्यानं माझी बोटं घट्ट दाबली.

अंगावर काटा आला. बैलाचा सौदा असाच होतो. रुमालाखाली हात, बोटांवर भाव, नजर दुसरीकडं, तोंड बंद. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत न्हाई. मी दोन बोटं दाबली. त्यानं दोन दाबली. मी चार, त्यानं चार.

म्हणजे माझंच खरं. पोरगं भाव करून राह्यलं.

पण ही विद्या त्याला दिली कुणी? नाहिद मॅडमच्या माहेरी बैल होते का, विचारलं पाहिजे.

४ जुलै
विचारलं. वडील टेलर होते म्हणे. उत्तर फार जल्दी दिलं.

९ जुलै
रोज दुपारी सौदा चालू. पोरगं आता स्वतःहून रुमाल ओढतं. आज गाठ पक्की बसली असं पाहून म्हणालो, आता तोंडानं म्हण, आबा. हात लगेच बाहेर. दिवसभर जवळ फिरकला न्हाई.

आष्टीला मुनीरला फोन लावला, बाजारातला माझा जुना जोडीदार. तो म्हणाला, बद्रीभाऊ, सौद्यात जो आधी तोंड उघडतो तो बुडतो, हे तुम्हीच मला शिकवलं. म्हटलं, तिथं बैल होता. तो बराच वेळ हसला. मुनीर मॅडमच्या बाजूचा दिसतो.

१८ जुलै
मॅडम म्हणाल्या, आबा, तुमचा फोटो काढू का, अंगदसाठी कार्ड करायचंय. फोटोचं पुढं काय काय करतात ते मोबाईलवर पाहिलंय. बिलकुल नको म्हणालो. बरं म्हणाल्या आणि रुमालाचा काढून घेतला. वर म्हणाल्या, तुमची शिकवणी माझ्यापेक्षा चांगली चाललीय, फक्त त्याला बोलायला लावू नका, तुम्ही थांबा, तो येतो. आधी गोड, मंग अट. ही दलालाचीच भाषा.

२१ जुलै
बोर्डावर नवीन कार्ड. माझ्या रुमालाचा फोटो आणि खाली लिहिलंय "आबा". बद्रीनाथ दलाल म्हटलं की अख्खा बाजार वळून बघायचा. या घरात मी म्हणजे एक रुमाल. तोही न धुतलेला.

२२ ऑगस्ट, पोळा
मुदतीचा दिवस. तृप्तीनं मातीचे बैल आणले, पूजा झाली, पुरणपोळी झाली. अंगद बोलल्यावर मॅडमना काय सुनवायचं, ते पाठ करून ठेवल्तं.

दुपारी अंगदनं कार्ड ओढलं, चर्र, आणि माझ्या हातात दिलं. रुमालाचं. म्हणालो, चित्र नको, तोंडानं म्हण. त्यानं कार्ड तळहातावर दाबलं. मी परत म्हणालो. मंग त्यानं माझ्या खांद्यावरचा रुमालच ओढला आणि तो घेऊन पलंगाखाली गेला.

म्हणजे आबा नकोच होता. रुमाल पाहिजे होता.

मी तिथंच फरशीवर बसलो.  पाठ केलेलं काही आठवंना. बऱ्याच वेळानं पलंगाखालून रुमालाचं एक टोक बाहेर आलं. माझ्या हातावर पडलं. खालून बोटं आली. दोन दाबली. मी दोन. मंग चार. मी चार. तोंड उघडलं न्हाई. खिडकीकडं बघत बसलो.

नंतर गुडघे धरले. उठता येईना. तृप्ती स्वयंपाकघरात. हाक मारली असती तर बोटं गेली असती. तशीच कळ काढली. शेवटी ती पाणी घेऊन आत आली. माझा मोकळा हात बोर्डाला पोचत होता. हाताचं, मदतीचं कार्ड ओढलं, चर्र, तिच्यापुढं धरलं.

तिनं कार्ड पाहिलं. मला पाहिलं.

"आबा, तोंडानं मागा, मंग उठवते."

मी कार्ड तसंच धरून बसलो. तिनं उठवलं न्हाई. पदर तोंडाला लावून शेजारी बसली, आणि अंगदनं हात सोडला तेव्हाच मला धरून उभं केलं.

आता गुडघ्याला शेक चालू आहे. एक गोष्ट डोक्यातून जात न्हाई. पहिल्या क्लासच्या दिवशी तृप्ती बाजारात गेल्ती. घरात मी आणि अंगद, दोघंच. मंग माझं वाक्य तिला सांगितलं कुणी?