एकच आडवी रेघ

सोमवार, ७ जुलै

आज रुजू झाले. पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. बारा टेबलं, प्रत्येकाशी दोन स्टुलं, आणि खिडक्या एवढ्या मोठ्या की दिवे लावायलाच नकोत. पहिल्याच दिवशी मला कपाट, त्याची चालणारी किल्ली आणि न डुगडुगणारी खुर्ची मिळाली. नोकरीत याहून जास्त सुख मागू नये. प्रयोगशाळेचे परिचर वयस्कर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. तीन नंबरचं टेबल वापरायचं नाही, एवढं त्यांनी बजावलं. माझ्याआधीचे सर कुठे गेले असं विचारलं, तर कपाटाची फळी पुसत राहिले. फळी स्वच्छच होती.

दारामागे तक्ता आहे: 'प्रात्यक्षिकाच्या अटी व अपेक्षा'. बाराही प्रयोग पूर्ण हवेत. एक जरी गैरहजेरी पडली तरी वर्ष गेलं. सगळ्या नोंदी शाईने. खोडरबर चालणार नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ मारावी, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही करावी. आणि शेवटी, जे मोजलं नाही ते लिहू नये. हा नियम मला फार आवडला. वर्गाला तो दोनदा वाचून दाखवणार आहे.

गुरुवार, १० जुलै

पहिलं प्रात्यक्षिक झालं. बावीस विद्यार्थी, अकरा जोड्या. आधी सगळ्यांना थर्मामीटर तपासायला लावलं: टोकाचा पाऱ्याचा फुगा मुठीत धरायचा, पारा पस्तिसाच्या आसपास चढला पाहिजे. खोलीचं तापमान सत्तावीस. ज्याचा चढणार नाही त्याचा थर्मामीटर बिघडलेला समजायचं, असं सांगितलं. त्यावर सात नंबरच्या टेबलावरची उंच मुलगी म्हणाली की माणूस बिघडलेलं असलं तर? आणि स्वतःच खो खो हसली. तिची जोडीदारीण अगदी ठेंगणी. उंच वाचते, ठेंगणी लिहिते. दिवसभर दोघींची कुजबुज चालू. दटावायला हवं होतं, पण मजा वाटली.

गुरुवार, १७ जुलै

उंच आली नाही. ठेंगणीने गयावया केली, की तिची बस चुकली असेल, पोचेलच, तिचं वर्ष घालवू नका. तीन दिवसांच्या हजेरीसाठी माझं एक वर्ष गेलं होतं. आई दवाखान्यात होती तेव्हा. पुढे आई गेली तेव्हा मला रडू आलं नाही, आणि तेव्हापासून आत जे सुन्न झालंय ते तसंच आहे. तरी त्या वर्षाचं अजून वाईट वाटतं. मी उंच मुलीच्या रकान्यात हजेरीचा 'ह' लिहिला. शाईने. ठेंगणीला दोघींच्या वह्यांत आकडे उतरवू दिले.

दुपारी ऑफिसातले कारकून वर आले. उंच मुलगी सकाळी साडेआठला रस्ता ओलांडताना गाडीखाली आली. जागच्या जागी गेली.

हजेरी मी दहाला घेतली होती.

मला काहीच वाटलं नाही. कपाटाला कुलूप लावलं, घरी आले, जेवले.

गुरुवार, २४ जुलै

ती आली. सातच्या टेबलावर, आपल्या स्टुलावर. कुणी दचकलं नाही. मी नंबर पुकारला तेव्हा 'हजर' म्हणाली.

मामांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, रजिस्टरात हजर आहे ना मॅडम, मग हजरच की. तुम्हीच तर बोलावलंत.

तिच्या मुठीत पारा सत्तावीसला. खोलीएवढाच. ठेंगणीचा बत्तीस. थर्मामीटर बदलून पाहिले. दोन्ही चांगले आहेत.

आज ती हसली नाही.

गुरुवार, ३१ जुलै

तिचा नंबर मुद्दाम गाळला. रकान्यात 'ह' होताच. माझ्याच अक्षरात.

ठेंगणीचा पारा एकोणतीस. तिने उकळत्या पाण्याचं चंचुपात्र उघड्या हाताने उचललं, शांतपणे खाली ठेवलं आणि आकडा लिहिला. तळव्याला टरारून फोड आले. मी तिचा हात नळाखाली धरला, तर मलाच विचारते, काय झालं मॅडम?

शनिवार, २ ऑगस्ट

मामांनी जुनं रजिस्टर दाखवलं. एका मुलाच्या 'ह'वर आडवी रेघ, शेजारी आधीच्या सरांची सही. सरांनीही माझ्यासारखीच गेलेल्या पोराची हजेरी लावली होती म्हणे. रेघ मारली की ते पोरगं यायचं थांबलं. पण सही लागते मॅडम, मामा म्हणाले, आणि सही ज्याची, जागा त्याची.

मग सर कुठे आहेत, असं मी विचारलं. मामांनी तीन नंबरचं स्टूल हळूच आत सरकवलं. बसलेल्याला लागू नये अशा बेताने.

मंगळवार, ५ ऑगस्ट

ठेंगणीच्या आईचा फोन आला. पोरगी जेवत नाही, गरम-गार कळत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. तुम्ही तिच्या मॅडम ना, काहीतरी करा म्हणाली.

अजून आठ प्रयोग बाकी. इतके दिवस ती टिकणार नाही.

'ह' मी लिहिला. रेघही मलाच —

भीती वाटतेय. किती वर्षांनी काहीतरी वाटतंय.

गुरुवार, ७ ऑगस्ट

मारली. एकच. आडवी. खालचा सतरा जुलैचा 'ह' वाचता येतो. शेजारी सही केली.

उंच मुलीने वर पाहिलं. एकदा खो खो हसली, पहिल्या दिवशीसारखी. मग स्टूल रिकामं.

ठेंगणीने चंचुपात्राला बोट लावलं आणि किंचाळली — आई गं! सगळा वर्ग हसला. ती रडत होती, बोट फुंकत होती. माझा जीव भांड्यात पडला.

मामा तिला दुसऱ्या टेबलावर घेऊन गेले. आजपासून सात नंबर वापरायचं नाही, म्हणाले.

मी सातवरच आहे, उंच मुलीच्या स्टुलावर. उठता येत नाही.

मुठीत थर्मामीटर धरलाय. तेहतीस.

ठेंगणी विचारतेय, मॅडम कुठे गेल्या. मी इथून सांगतेय — ऐकू जात —

एकतीस. भीती गेली. वाईट वाटत नाही. बरंही नाही.

मामांनी माझं स्टूल हळूच आत —

एकोणतीस.

जे मोजतेय तेच लिहितेय.

अठ्ठावीस

सत्ता—