दुसऱ्या गाडीचं मॉड्यूल

३ तारीख, सोमवार
आज सामानासकट बायकोच्या घरी राहायला आलो. घरजावई झालो, असं सरळच लिहितो. रोजनिशीसमोर कसली लाज! टीव्ही दुरुस्तीचं दुकान चाललं असतं तर ही वेळ आली नसती, पण हल्ली लोक टीव्ही दुरुस्त करत नाहीत, फेकून देतात.

घर छान आहे. वर दोन खोल्या, खाली स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरातूनच गॅरेजमध्ये उघडणारं दार. गॅरेज बघून तर मी हरखलोच. लांबलचक टेबल, भरपूर उजेड. बायकोची आधीच्या लग्नाची लेक, ठकी, नऊ वर्षांची आहे. तिने माझ्यासाठी एक खण रिकामा केला आणि त्यावर चिठ्ठी डकवली: ‘नव्या बाबांचे मोजे’. मला भरून आलं.

सासरे चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेत. गाडीवर एक ओरखडा नाही, हे त्यांनी जेवताना दोनदा सांगितलं.

५ तारीख, बुधवार
बायकोच्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिलाय. करकचून ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊन गाडी घसरू नये, हे काम एबीएस करतं. त्याचं कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे त्याचा मेंदू, गेलंय. नवं यायला दोन महिने लागतील, असं कंपनीचा मेकॅनिक म्हणाला. तोवर टेकडीच्या उतारावर गाडी न्यायची नाही, बसने जायचं, असं सासऱ्यांनी फर्मान काढलं.

मी म्हटलं, घरीच बदलतो. सासरे हसले. टीव्ही बंद पडला तर माणूस मरत नाही, म्हणाले. बायकोने लगेच बसचं वेळापत्रक शोधायला घेतलं. ते जास्त लागलं.

८ तारीख, शनिवार
भंगारवाल्याकडून त्याच मॉडेलच्या एका चेपलेल्या गाडीचं मॉड्यूल आणलं. तळहाताएवढा काळा डबा. दिवसभर काम केलं. आधी बॅटरीची तार सोडवली. मग मॉड्यूलचा रुंद प्लग काढला. एबीएसच्या पंपाला आणि ब्रेकच्या नळ्यांना हात न लावता, मॉड्यूल पंपावर धरून ठेवणारे सहा स्क्रू काढायचे, एवढंच खरं कौशल्य. शेवटचा स्क्रू इंजिनामागच्या पत्र्याच्या बाजूला होता, त्याने घाम काढला. पण जुनं निघालं, दुसरं चपखल बसलं. ठकी टॉर्च धरून उभी होती आणि डॉक्टरीणबाईंसारख्या सूचना देत होती.

९ तारीख, रविवार
दिवा गेला नाही.

मॉड्यूल बसवून भागत नाही, गाडीशी त्याची ओळख करून द्यावी लागते. गाडीतले आकडे वाचणाऱ्या स्कॅनरची डबी स्टिअरिंगखालच्या खाचेत लावली आणि पडदा हातात घेऊन चार तास बसलो. मॉड्यूल काही बधेना. दर वेळी आपल्या जुन्या गाडीचाच नंबर सांगायचं. शेवटी हात टेकले.

सासरे दारात येऊन विचारून गेले, झालं का. झालं, म्हणालो.

मग मीटर उघडून त्या दिव्यावर आतून काळी पट्टी चिकटवली. साधे ब्रेक तर लागतातच! चार चकरा मारल्या, उत्तम लागले. बायकोने गाडी सुरू केली, दिवा दिसला नाही, आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

११ तारीख, मंगळवार
मॉड्यूलची गाडीशी ओळख करून द्यायचा आणखी एक प्रयत्न करावा म्हणून सकाळी आठला गॅरेजात बसलो. इंजिन बंद, गाडी जागेवर. आणि स्कॅनरवर चारी चाकांचा वेग ७४. दुकानातली सवय, आकडा दिसला की तो कागदावर उतरवतो: ७४, ७७, ८१. ब्रेक पेडल: दाबलेलं. ब्रेकमधला दाब: शून्य. मग एकदम सगळंच शून्य.

उतरून चाकाला हात लावला. गार होतं.

१२ तारीख, बुधवार
पुन्हा. त्याच वेळी, तेच आकडे. पेडल दाबलेलं, असं स्कॅनर सांगतो. मी खाली वाकून पाहिलं. पेडल खरंच खाली गेलेलं होतं. गाडीत मी एकटा, आणि माझे दोन्ही पाय दाराबाहेर.

१३ तारीख, गुरुवार
ती चेपलेली गाडी कुणाची होती, हे विचारायला भंगारवाल्याकडे गेलो. तो सांगायला तयार नव्हता. मग म्हणाला, एक बाई दोन मुलांना घेऊन उतारावरून थेट भिंतीवर गेली. बाईने ब्रेकच लावला नाही, असं सगळे म्हणाले. नवऱ्यानेही तिलाच दोष दिला. पण गाडी सोडवताना भंगारवाल्याने पेडल पाहिलं होतं. दाबून दाबून वाकलं होतं, म्हणाला.

तिने दाबलं होतं. डब्याने लागू दिलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार
रात्री जेवताना सगळं सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडणार तोच सासऱ्यांनी शेजाऱ्यांना हाक मारून आत बोलावलं आणि सांगितलं, कंपनीला जमलं नाही ते आमच्या जावयाने घरी केलं. चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही, म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं. बायको माझ्याकडे पाहत होती. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे तसं पाहिलं!

मूग गिळून बसलो. जळो माझी फुशारकी.

स्कॅनरची डबी काढून आणली आहे. उद्या ठकीच्या स्पर्धेला दोघी बसने जाणार, गाडी कुठे जाणार नाही. दोघी उठायच्या आत तो डबा उपटून जुना लावतो.

१५ तारीख, शनिवार
साडेसातला जाग आली. गॅरेज रिकामं.

ठकीची पोहण्याची स्पर्धा. टेकडीपलीकडे. त्या बसने जाणार होत्या — सासऱ्यांनीच किल्ली दिली. म्हणाले, आता कशाला बस, आपल्या माणसाने दुरुस्त केलीय.

फोन लावतोय. गाडी चालवताना ती उचलत नाही. ठकीकडे फोन नाही.

७.५० — डबी माझ्या खिशात आहे. तरी पडद्यावर आकडे येताहेत. ७४ नाही. २६. ३१. थांबली, शून्य. परत १८. ही तिची चाल आहे, जपून चालवते ती. ही बायको आहे माझी —

लिहितोय कारण हात दुसरं काही करत नाहीत.

३८. पेडल दाबलेलं. दाब आहे. देवा, दाब आहे. ३०.

फोन. उचलत नाही.

४४. उतार लागला. ४९. पेडल दाबलेलं. दाब शून्य.

सोडलं. दाबलेलं. सोडलं. दाबलेलं. शून्य. ५५. ती दाबतेय. पुढे सगळे म्हणतील हिने दाबलंच नाही — मी इथे लिहून ठेवतो, ती दाबतेय —

६३

सासरे दारात उभे आहेत. विचारताहेत, कसले आकडे हे, चेहरा का असा. त्यांना सांगायला हवं, दिव्यावर मी —

६८ दाबलेलं दाबलेलं

सासरे ही वही मागताहेत, मी त्यांना ७४ ७७ ८१