प्रोफेसर भुईनळेंचा आवाज

मालाड, २ ऑगस्ट

ति. हरेश्वरमामास, कल्पिताचा सा. न.

आणि हो, परवा मेसेजमध्ये अर्धवट राहिलं ते आता नीट सांगते. डॉक्टरांनी तुला बोलायला बंदी केलीय आणि टायपिंगचा तुला वैताग, म्हणून मीही तुझ्यासारखी कागदावर. अक्षर सहन कर, इंग्लिश मीडियमची आहे ना!

ऐक. अकरा तारखेला, सोमवारी, तुझ्या घशाचं ऑपरेशन. नंतर आवाज राहील याची कुणी गॅरंटी देत नाही. मग आमच्या स्टुडिओच्या कार्टूनमधल्या प्रोफेसर भुईनळेंचं काय? त्यांचा आवाज म्हणजे तूच. प्रयोग फसून लॅब उडाली की ते 'फुटली गोऽऽ बाय' ओरडून असे हसतात की मुलं लोळतात! आमचे हर्षद सर म्हणतात, तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून कॉम्प्युटर हुबेहूब आवाज बनवेल. तू फक्त सही दे. मी सॅम्पल पण बनवलंय, झकास! प्रोफेसरांचं नाही हं, तुझ्या साध्या आवाजात 'आय, मी आलो गं'. आजीला पाठवलंय. सरप्राइज!

पत्र चंपामावशीच्या मच्छीच्या टोपलीतून येतंय, वास आला तर माझा दोष नाही. माया पातळ करू नकोस.

तुझी कल्पिता


गोराई, ४ ऑगस्ट

चि. कल्पितास अनेक आशीर्वाद.

तुझं सरप्राइज पोचलं. मी धक्क्यावर जाळं सांधत होतो. आय फोन घेऊन धावत आली, पायात चप्पल नाही. माझ्या हऱ्याला वाचा फुटली, आता ऑपरेशन नको, असं सगळ्यांना ओरडून सांगत होती. मला म्हणाली, परत बोल. मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं मस्करी करतोय. पाठीत धपाटा घालून हसत उभी राहिली. मग माझं तोंड बघितलं.

पोरी, प्रोफेसरांचं ते हसू माझं नाहीच. मासळी बाजारात सरंगा चांगल्या भावाने गेला की आय तशी हसते, तिथून मी उचललं. 'गोऽऽ बाय'ही तिचंच. परवापासून ती हसलेली नाही. ते हसू मशीनला देऊ? उद्या साबण विकायला लावतील. सही करणार नाही. सरांना सांग, दुसरा माणूस बघा. आयच्या फोनमधलं मी पुसलंय.

रडत बसू नकोस. लोभ आहे तिथेच आहे.

हरेश्वरमामा


मालाड, ७ ऑगस्ट

ति. मामास सा. न.

वाट लावली ना मी! सॉरी, खरंच. हर्षद सर आधी तापले, मग म्हणाले, ठीक आहे, नवा माणूस शोधू. सहीचं मिटलं.

पण काल आजीचा फोन आला, एकदम हळू आवाजात. ते परत पाठव म्हणाली, हऱ्याला कळू देऊ नको. त्यात तो स्वतः बोलत नाहीये हे तिला ठाऊक आहे म्हणे. पण सोमवारनंतर तो बोललाच नाही तर? मी म्हटलं, टीव्हीवर जुने भाग लागतात की, प्रोफेसर बघ. तर म्हणाली, तो प्रोफेसर मला आय म्हणत नाही.

मामा, तिने नको म्हटलं तरी तुला सांगतेय, कारण पुन्हा तुझ्या पाठीमागे काही करायचं नाही. ते सॅम्पल माझ्याकडे आहे अजून. पुसेन, तू म्हणशील तेव्हा. पण त्याआधी एक विचारू? डॉक्टर बोंबलतील, माहितीय. तरी सोमवारच्या आधी एकदाच, आहे त्या घोगऱ्या, फाटक्या आवाजात, तूच तिच्या फोनमध्ये तिला हाक मारून ठेवलीस तर? की हे पण माझं नवीन सरप्राइजच झालं? तुला काय वाटतं रे?

तुझी कल्पिता