रस्त्याची आमची बाजू

४ जानेवारी १९०४, सोमवार. देवास.
आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर म्हणून हुकूम हातात पडला. नऊ वर्षे दफ्तरात नकला केल्या, पण माझी वृत्ती मुळात शास्त्रीय आहे. वरच्यांना ते आत्ता कळले. खाते लहान आहे: मी, शिपाई रघुजी आणि एक हातगाडी. गाडीचे एक चाक वाकडे.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. सगळ्या आळ्यांतून पायी फेरी. रोजनिशी नियमित.

५ जानेवारी.
साडेसातला उठलो. थंडी फार. इतक्या थंडीत जंतूही फारसे हिंडत नसावेत. इन्स्पेक्शन घरच्या ओट्यावरून केले. रस्ता इथून चांगला दिसतो.
रिपोर्टाच्या आरंभी या रस्त्याविषयी लिहायला हवे, नाहीतर परक्याला उमगायचे नाही. गाव एक, पण राजे दोन आणि पात्या, म्हणजे राज्याचे वाटे, दोन. रस्त्याची अलीकडची बाजू आमच्या पातीची, पलीकडची दुसऱ्या पातीची. खजिने दोन, आरोग्य खाती दोन. तिकडचे इन्स्पेक्टर गोपाळराव माझ्या समोरच राहतात. माणूस सज्जन, पण दृष्टी नाही. भल्या सकाळी स्वतः गटारात वाकून बघत असतो. अशाने हुद्द्याचा मान राहत नाही.

९ जानेवारी.
इंदुरास प्लेग वाढल्याची बातमी. आज रघुजीने सांगितले की आपल्या बाजूला वाण्याच्या वखारीशी चार उंदीर पडले. उंदीर पडायला लागले की मागोमाग माणसे पडतात, हे पोरेसोरेही जाणतात. रजिस्टर उघडले. 'मेलेले उंदीर' या रकान्यात अजून एकही आकडा नाही. कोरे पान फार सुंदर दिसत होते. रघुजीला एवढेच म्हणालो की हे असेच कोरे राहिले तर बरे.
संध्याकाळी त्याने कळवले की आता आपल्या बाजूला एकही उंदीर नाही. माणसाकडून काम करून घेणे ही कला आहे.

१२ जानेवारी.
ओट्यावरून पाहिले. रघुजी उंदीर शेपटीला धरून उचलतो आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवतो. विचारले तर म्हणाला, साब, उंदराला कुठली आली पाती, जरा उधर सरकवला तर किसीका क्या बिगडता. रागावणार होतो. पण नियमात 'हद्दीत आढळलेले' असे शब्द आहेत. पलीकडे आढळला तो पलीकडचा. कायदा स्पष्ट आहे.
मात्र हाताने उचलणे बरे नव्हे. लोखंडी चिमट्यासाठी मागणीपत्र करणे. उद्याच.

१३ जानेवारी.
मागणीपत्राचा मसुदा इंग्रजीत सुरू केला. चिमट्याला शब्द सापडेना. डिक्शनरी शाळेत आहे. राहिले.

१९ जानेवारी.
हिने सकाळी चुलीजवळचा चिमटा आणून पुढे ठेवला. म्हणाली, रघुजीला द्या, मी भाकरी हाताने काढीन. समजावले की सरकारी काम सरकारी चिमट्यानेच झाले पाहिजे. आज चिमटा दिला तर उद्या दरबार घरचे पातेलेही मागेल. चिमटा परत नेताना भांडी जरा जोरात वाजली.
फिनाईल आले. एक बाटली. घरात ठेवली, म्हणजे नासाडी नको.

२ फेब्रुवारी.
बजेटाचा दिवस. खजिन्याच्या कामदारांपुढे, नारायणरावांपुढे, रजिस्टर ठेवले. महिनाभरात एक उंदीर नाही, एक रोगी नाही. मागणी: चार माणसे, चुना, लोकांना गावाबाहेर हलवायला माळावर झोपड्या, नवे चाक, चिमटे सहा. नारायणरावांनी पाने चाळली आणि फार खूश झाले. म्हणाले, शाबास, तुमच्याकडे रोगच नाही, मग पैसा कशाला. मागणी नामंजूर.
बाहेर कळले की गोपाळरावांना त्यांच्या दरबारातून सगळे मिळाले. त्यांच्या रजिस्टरात एकशे बारा उंदीर. त्यातले निम्मे आमचे आहेत. हे मी कुणाला सांगू?

३ फेब्रुवारी.
धोरण बदलले. रघुजीला म्हणालो, रजिस्टर इतकेही कोरे नको, काही उंदीर तरी दिसले पाहिजेत. त्याने एकदा रस्त्यापलीकडे पाहिले. मग म्हणाला, जी साब.
संध्याकाळपर्यंत आमच्या हद्दीत तेवीस. समाधान वाटले.

६ फेब्रुवारी.
अडचण. गोपाळरावांची माणसे उजाडताच उंदीर जाळून टाकतात. त्यामुळे रघुजीला त्यांच्या आधी, पहाटे पाचला जावे लागते. म्हणजे खात्याची पाचची फेरी सुरू झाली असे म्हणायला हरकत नाही. मी त्या वेळी अंथरुणातूनच देखरेख ठेवतो.

९ फेब्रुवारी.
गोपाळराव ओट्यावर आले. म्हणाले, भिया, तुमचा माणूस आमचे उंदीर उचलून तुमच्याकडे का नेतो ते मी विचारत नाही, पण नंगे हाथ नेतो, हे बरं नाही. माझ्याकडे चिमटे जास्त आहेत, एक घेऊन जा. मी आभार मानले आणि सांगितले की दुसऱ्या राज्याचा चिमटा वापरायचा तर दरबारामार्फत पत्रव्यवहार व्हायला हवा. ते हसले. मला हसण्याजोगे काही दिसले नाही.
चिमट्याचा मसुदा शोधणे. कुठे ठेवला आठवत नाही.

१४ फेब्रुवारी.
आमच्या बाजूची अर्धी आळी गोपाळरावांच्या माळावरच्या झोपड्यांत राहायला गेली. ही चार दिवस मागे लागली होती की आपणही जाऊ. मी स्पष्ट सांगितले, इन्स्पेक्टरचे बिऱ्हाड हलले तर लोकांचा धीर सुटेल. आज दुपारी मी झोपलो असताना ही पोरांना घेऊन गेली. शेजारणीकडे निरोप: तुमचं रजिस्टर तुम्ही सांभाळा, मी पोरं सांभाळते.
स्वैपाक स्वतः केला. भात करपला. घर फार मोठे वाटते.

१९ फेब्रुवारी.
नारायणरावांकडे पुन्हा अर्ज. या वेळी उंदीर सदुसष्ट. त्यांनी जानेवारीचे पान काढले, फेब्रुवारीचे काढले, शेजारी शेजारी ठेवले. मग शांतपणे म्हणाले, महिनाभर शून्य आणि पंधरवड्यात सदुसष्ट; श्रीपादराव, एकतर तुम्ही खोटे लिहिता, नाहीतर तुमच्या कामाने रोग वाढतो. दोन्हीला दरबार पैसा देत नाही.
विचार करतो म्हणाले. अनुकूल वाटले.

२२ फेब्रुवारी, सोमवार.
रघुजी काल आला नाही, आजही नाही. न सांगता गैरहजर. हल्ली माणसांत जबाबदारीची जाणीव उरलेली नाही. समज देणे.

२३ फेब्रुवारी.
गोपाळराव आले. बसले नाहीत. रघुजीला ताप आहे, काखेत गाठ आली आहे. परवा पहाटे तो तापात स्वतःच रस्ता ओलांडून त्यांच्या ओट्यावर येऊन पडला. इकडे का आलास म्हणून विचारले तर म्हणाला, उस तरफ पडलो तर साबच्या रजिस्टरात माझं नाव लागेल. गोपाळरावांनी त्याला सांगितले म्हणे, अरे, तुझ्या साहेबांना तर आता आकडे हवेच आहेत. तर म्हणाला, साब उंदरांचं बोलले होते, माणसांचं नाही बोलले.
आज काही सुचत नाही. जेवलो नाही. मला वाईट वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे लिहायला रकाना नाही.

२५ फेब्रुवारी.
हुकूम आला. आमच्या पातीचे आरोग्य खाते १ मार्चपासून बंद. हातगाडी व रजिस्टर दुसऱ्या पातीच्या इन्स्पेक्टरच्या हवाली करावे. रस्त्याच्या दोन्ही बाजू तेच पाहतील.
कपाट आवरताना मसुदा सापडला. 'I have the honour to request' एवढाच आहे.

१ मार्च, मंगळवार. मुक्काम माळ.
गाडी ढकलायला कोणी नव्हते. स्वतःच ढकलली. वाकड्या चाकामुळे ती सारखी आमच्याच बाजूला वळत होती. रस्ता ओलांडून माळापर्यंत यायला तास लागला.
रघुजी झोपडीत पडून आहे. गाठ फुटली, ताप उतरतो आहे, वाचेल असे गोपाळराव म्हणतात. हात मात्र उचलवत नाही. मला पाहून उठायला गेला. मग विचारले, साब, अपना रजिस्टर ठीक है ना. मी रजिस्टर उघडले. 'रोगी' या रकान्यात त्याचे नाव लिहिले आणि पुढे आमची पाती लिहिली. त्याला वाचता येत नाही. ठीक आहे म्हणालो.
गोपाळरावांकडे एक माणूस कमी पडतो. उद्यापासून रघुजीच्या जागी मी. पहाटे पाचला फेरी. हिने उठवायचे कबूल केले आहे, आणि चुलीचा चिमटा उशाशी आणून ठेवला आहे.