माझा प्रबंध, तुझी खाण

धसई

चि. आदेश यास,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

काल टेकडीवरच्या खाणीसाठी मुरबाडला झालेल्या सुनावणीत तू खाणमालकाचा वकील म्हणून उभा राहिलास आणि माझाच प्रबंध वाचून दाखवलास. जमिनीखालचा दगड सरकारचा, हा इंग्रजांचा नियम किती निर्लज्ज होता, हे सिद्ध करण्यात माझी सहा वर्षे गेली. तू नियम तेवढा वाचलास आणि माझ्या निषेधाचे पान न वाचताच उलटलेस. सख्ख्या भावाची इतकी नीटनेटकी लबाडी पाहून मला किळस आली.

मग टेकडीखालच्या पाड्यातला गुणाबाबा माझ्याकडे वळला. "बाय, तू शिकलेली. टेकडीवर आमची माणसं पुरलीत. ती जागा आमची नाय का?"

चुकीचे उत्तर देणे मला जमत नाही. मी म्हणाले, "माती तुमची, बाबा, खालचा दगड सरकारचा."

"माझा बापूस तर खालीच हाय. तो पन सरकारचा काय गो?"

सारे हसले. तूही हसलास. मी मात्र कायद्यात उत्तर शोधत राहिले, आणि माझ्या त्या शोधण्याची मला अधिक किळस आहे.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकले, तर गुणाबाबाला दिलेले माझे ते एकच वाक्य पुढच्या सुनावणीत तू यातून वाचून दाखवशील, तेही माझ्या सहीनिशी.

सही न करता,
तुझी थोरली बहीण